पायावर वजन

विंझरला रस्त्याकडेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्ड, दाखले, कुणाच्या भाऊबंदकीची कोर्टाची कागदं, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं आणि पालथं घालायच्या आधी मी ते वाचते. वाचू नये, कळतं मला. पण खोड ती खोड. नवरा म्हणतो, "दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसल्याशिवाय तुला जेवण जात नाही." आता जात नाही तर नाही!

सासूबाईंना मी आत्या म्हणते. गेल्या उन्हाळ्यात आत्या गोठ्याच्या पायरीवरून घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हायवेच्या बाजूला एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाडाला स्टीलची पट्टी लावून स्क्रूनं आवळली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मी सांगेपर्यंत हा पाय जमिनीला टेकायचा नाही, वॉकर घेऊन एका पायावर चालायचं. भातलावणी तोंडावर आली, सगळं गाव खाचरात उतरलं आणि आत्या आपल्या खाटेवर बसून. एका सकाळी खाटेवरून पाय खाली सोडताना टक् असा आवाज झाला. मी चुलीपाशी होते, मलासुद्धा ऐकू आला. एक्सरेत पट्टीचे सरळ दोन तुकडे दिसले.

दुसरं ऑपरेशन झालं. नवी पट्टी बसली, पण पाय बोटभर आखूड झाला. जुने तुकडे मी डॉक्टरांकडून मागून घेतले. त्यांनी ते प्लास्टिकच्या बरणीत घालून दिले. शेजारणी म्हणाल्या, असलं लोखंड घरात ठेवू नये, नदीला सोडून ये. मी बरी सोडेन! दुकानातलं भिंग लावून मी ते तुकडे उलटेपालटे करून बघितले. पट्टी बरोबर एका भोकापाशी तुटली होती आणि कडेला मुंगीएवढे आकडे कोरलेले होते. हाड मोडतं हे समजू शकते मी. पण नांगराचा फाळ दगडावर आपटून मोडत नाही, आणि बसल्या बाईच्या मांडीत स्टील कसं मोडतं? मला हे कोडं काही झोपू देईना.

गावात मात्र कुणाला कोडंबिडं पडलं नव्हतं. लावणीचे दिवस, म्हातारीला दम निघाला नसेल, गेली असेल बांधावर, असं जो तो म्हणायचा. नवऱ्यालाही तेच वाटत होतं. आत्या एकदाच म्हणाल्या, "म्या पाय टेकला न्हाई." लोक भेटायला येईनात म्हणून नव्हे, आले की काय बोलतील म्हणून त्या दार ओढून घ्यायला लागल्या.

भोरच्या कोर्टात बाईमाणसाला कमाई न विचारता सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे मला कुणाच्या तरी अर्जाची झेरॉक्स काढताना कळलेलं. बरणी पिशवीत घालून मी एसटीनं गेले. वकीलबाई तिशीच्या, बोलायला सरळ. मी प्रश्नांचा भडिमारच केला. डॉक्टरवर केस करायची का? पोलिसात जायचं का? त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी चूक कुणाची ते बघू. डॉक्टरनं पट्टी नीट बसवली आणि पट्टीच कच्ची निघाली, तर ती बनवणारी कंपनी जबाबदार. ग्राहक आयोगात नुकसानभरपाई मागता येते, दोन वर्षांच्या आत. औषध प्रशासनाकडेही तक्रार करता येते. त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही, पण तसल्या बाकीच्या पट्ट्या तपासल्या जातील."

"आणि हे तुकडे?"

"घासू नका, कुणाला देऊ नका. कंपनीचा माणूस आला तरी नाही. आयोगाला सांगून प्रयोगशाळेत पाठवू. आकडे आहेत म्हणजे कुठल्या खेपेतली ते कळेल. तेवढी दवाखान्यातून पूर्ण फाईलची नक्कल घ्या. ती द्यावीच लागते त्यांना."

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं, तुम्ही कायद्यानं ग्राहक आहात. आत्यांचे डोळेच मोठे झाले. "म्या गिऱ्हाईक? आगं, म्या काय बांगड्या भरून आले का काय?" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

तीन दिवसांनी फाईल आली. दुकानात एक एक पान काचेवर ठेवत होते, अर्थातच वाचत. इंग्रजी मला पुरेसं येतं. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की पेशंट स्वतः सांगते, सूचना मोडून रोज पायावर वजन दिलं. माझं डोकंच सटकलं. वस्तू चुकीची वापरली असेल तर कंपनी सुटते, हे वकीलबाईंनी मला सांगून ठेवलेलं. म्हणजे गाव म्हणत होतं तेच खरं! मी शटर ओढलं आणि तरातरा घरी गेले.

"आत्या, डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं का, पायावर वजन दिलं का म्हणून?"

"व्हय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, दिलं की. रोज. न चुकता."

"मग आम्हाला खोटं कशाला सांगितलंत? मी वेड्यासारखी भोरला खेटे घालते, बरणी कवटाळून बसते, आणि तुम्ही खुशाल खोटं बोलता?"

त्या काहीतरी सांगायला लागल्या होत्या. मी ऐकलं नाही. एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही, आणि त्या दिवशी तर मी थांबायचं नावच घेतलं नाही. शेवटी आत्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

पुढची तारीख वकीलबाईंनीच दिलेली, आत्यांना घेऊन या म्हणून. गाडी करून गेलो. आत्या पुढं बसल्या, मी मागं. मी ते पान टेबलावर आपटलंच जवळजवळ. "हे बघा. संपलं सगळं."

वकीलबाईंनी वाचलं. मग त्यांनी खुर्ची आत्यांच्या जवळ ओढली. "आजी, पायावर वजन दिलं म्हणजे काय केलंत? मला नीट सांगा."

"आता ते काय सांगायचं? वजन बांधायचं, पाय वर उचलायचा, धा आकडं म्हनायचं, खाली ठिवायचा. दिसातनं तीन बार."

"कसलं वजन?"

"तांदळाचं. अर्धा किलो. जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, हिच्याच दुकानाशेजारी काट्यावर तोलून आणाय लावली. घोट्याला बांधायची. दवाखान्यातल्या त्या व्यायामवाल्या बाईंनीच सांगितलंतं. खाटंवर पडूनच करायचं, पाय खाली न्हाई लावायचा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मला तर कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. अगं बाई! डॉक्टर विचारत होते, पाय टेकून अंगाचा भार दिला का. आत्या सांगत होत्या, व्यायामाचं वजन बांधलं. गावात पायावर भार देणं म्हणतात, नाहीतर जोर देणं. वजन म्हणजे काट्यावरचं. आणि व्यायामाचा तो कागद, चित्रांचा, खाली ठळक अक्षरात 'पायाला अर्धा किलो वजन बांधून' असं छापलेला, तो मीच लॅमिनेट करून खाटेशेजारी खिळ्याला टांगलेला होता. अख्ख्या तालुक्याचे कागद वाचणारी मी, तो एक तेवढा वाचला नव्हता.

तो कागद घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर आधी वैतागले, पण कागद बघितल्यावर त्यांनी चांगुलपणानं लिहून दिलं की प्रश्नाचा अर्थ वेगळा घेतला गेला, व्यायाम सांगितल्याप्रमाणे होता आणि तेवढ्या पिशवीनं पट्टी मोडत नाही. एवढ्यानं केस जिंकली असं नाही. तुकडे तपासणीला जायचेत, कंपनीचं उत्तर यायचंय. पण आमचं म्हणणं आता उभं राहू शकत होतं.

मागच्या आठवड्यात आत्यांचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. वकीलबाईंनी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली. आत्या काठीवर हात ठेवून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आजी, सगळं बरोबर आहे ना? काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा. अंगठा दिल्यावर बदलता येणार नाही."

"अंगठा कशापायी? सही करते म्या," आत्या म्हणाल्या. मग कागदावर बोट ठेवून, "म्या डाक्टरचं समदं ऐकलं, हे ठळक लिवा."

"लिहिलंय. आणखी?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सून मला खोटारडी म्हनली," त्या म्हणाल्या, "ते नका लिवू."