त्या बेटावरच्या पायऱ्या

फोन वाजला आणि पलीकडून कोणी बोलायच्या आधीच मी गाडीची किल्ली उचलली. सकाळचे साडेदहा झाले होते. पावणेआठला मीच इक्बालभाईंना दुबईत रास अल खोरला त्यांच्या गोदामापाशी सोडून सिलिकॉन ओएसिसमधल्या माझ्या ऑफिसात आलो होतो. गोदामातला माणूस हिंदीत सांगत होता, माल उतरवून घेताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत... मला नवल वाटलं नाही. सहा महिने मी याच फोनला घाबरत होतो. का, ते आज सात आठवड्यांनी लिहितोय.

शारजात आमच्या बिल्डिंगा समोरासमोर. मी पुण्याचा, ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. नऊ वर्षं रोज एका गाडीतून कामाला दुबईला गेलो. ट्रॅफिकमध्ये मी चिडलो की शेजारी चणे खात ते म्हणायचे, "पुणेकराला जाममध्येसुद्धा पहिला नंबर हवा!" मी मुळात भित्रा माणूस. त्यांच्या जिवावर निवांत असायचो.

ईदच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं क्रूझवर गेली. एका ग्रीक बेटावर दिवसभर उतरायचं होतं. माझी बायको, शमीमभाभी आणि त्यांची मुलगी सना बंदरावर दुकानं बघत राहिल्या आणि आम्ही दोघं डोंगरावरच्या पांढऱ्या चर्चकडे निघालो. पायऱ्या संपता संपेनात. डोक्यावर ऊन, घरांची दारं बंद, चिटपाखरू नाही. अर्ध्यावर इक्बालभाई थांबले आणि भिंतीला टेकत खाली बसले. चेहरा पांढराफटक, हात छातीशी. "काही नाही... दोन मिनिटं," म्हणाले, पण आवाज त्यांचा वाटेना. मी एका दारावर थापा मारल्या, दुसऱ्यावर मारल्या. कोणी उघडलं नाही. खाली जहाज एवढंसं दिसत होतं. साडेचारला ते सुटणार, आणि इथे हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत जातोय, एवढंच डोक्यात होतं. मी खाली पळायला निघालो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"डॉक्टर नको. इन्शुरन्सचा कागद ऑफिसात जाईल. पुढच्या महिन्यात काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, सनाचं बारावीचं वर्ष... कळलं तर खलास."

"निदान भाभींना तरी सांगू या."

"तिला सांगितलंस तर ती आजच रत्नागिरीची तिकिटं काढेल. शपथ घे, मंदार."

मी घेतली. नाही म्हटलं तर तिथेच त्यांचं काही होईल, या भीतीने घेतली.

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. मी म्हटलं, आता चेकअप. "सनाची परीक्षा होऊ दे, इन्शाल्ला." गाडीत त्यांचा डोळा लागला की माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्यांच्या शर्टाच्या बटणावर जास्त. ते वरखाली होतंय ना? शंका आली की मी उगाच ब्रेक मारून त्यांना जागं करायचो. ते शिव्या द्यायचे, मला हायसं वाटायचं.

परवा भाभींकडे गेलो. फ्रिजवर बेटावरच्या त्या दिवसाचा फोटो लावलाय. मागे समुद्र, पुढे हसणारे इक्बालभाई. तो मीच काढलेला. कळ ओसरल्यावर त्यांनी तोंड पुसलं, केस नीट केले आणि म्हणाले होते, "यल्ला, चल, काढ फोटो. खाली दाखवायला होईल."

"अंकल, ही लुक्स सो हॅपी हिअर, ना?" सना म्हणाली. मी मान हलवली. ती आत गेली तशा भाभी फोटोजवळ गेल्या.

"मंदारभाई, कॉलर बघा. पूर्ण भिजलीय. मी रोज बघते. वर काय झालं होतं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना वाटत होतं, आता या मला घराबाहेर काढतील. त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. "मला सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाल्या.

मग सनाच्या दाराकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हिला कळता कामा नये. आपल्या परीक्षेसाठी अब्बा थांबले, हे पोरीला जन्मभर छळेल."

मी म्हटलं, मला हे आत ठेवून जगता येत नाही भाभी, कुठेतरी लिहायचंय.

"मग मराठीत लिहा," त्या म्हणाल्या. "तिला वाचता येत नाही."