शेवटच्या घरचा नमुना

गेल्या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. लग्नानंतर ती वाळवंटातल्या एका मोठ्या शहरात राहते. तिथं समुद्राचं पाणी गोडं करून घरोघरी पुरवतात. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं, त्याला वरचं पाणी सुरू करायचं होतं.

"बाबा, इथं लोक नळाचं पाणी सरळ पितात," ती म्हणाली. "तपासणीचा रिपोर्ट पाठवला तुम्हाले. पाहून सांगा ना, बाळाले देऊ का?"

मी रिपोर्ट उघडलाही नाही. "रिपोर्टवर जाऊ नको," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काहून? जन्मभर तुम्हीच तर रिपोर्टाचं काम केलं."

कूलर भरून पाणी अंगणात वाहायला लागलं तरी माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी बोलतो, असं सांगून मी फोन ठेवला.

मी नागपुरात पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत नमुने गोळा करायचो. काम साधं, पण मला त्याचा भारी तोरा होता. नळाची तोटी पुसायची, स्पिरिटच्या बोळ्यानं तिचं तोंड जाळायचं, दोन मिनिटं धार सोडून द्यायची, मग वाफेवर निर्जंतुक केलेल्या बाटलीत पाणी घ्यायचं. बाटलीच्या तोंडाला बोट लागता कामा नये. लग्नकार्यात कुणी पाण्याचा विषय काढला की मी असं व्याख्यान सुरू करायचो की बायको मला जेवायच्या पंगतीकडे ढकलायची.

नियम असा की नमुना गल्लीच्या शेवटच्या घरातला घ्यायचा. नळाला पाणी नसलं की रिकाम्या पाइपात नालीचं पाणी झिरपतं, आणि ते जातं शेवटच्या घरी. हे मला पाठ होतं.

उमरेड रोडच्या बाजूला माझ्याकडे एक गल्ली होती, चढाची. शेवटच्या घरी पहाटे अर्धा तास पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. पहिल्या घरी मात्र अकरापर्यंत चांगली धार असायची. माझी ड्यूटी दहाला सुरू व्हायची. शिवाय पहिल्या घरी चहा मिळायचा, आल्याचा. तेव्हा मी नमुना पहिल्या घरी घ्यायचो आणि कागदावर लिहायचो, 'शेवटचे घर'. आम्ही सगळेच असं करायचो. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पण सगळे करायचे म्हणून माझं कमी होतं असं नाही.

त्या शेवटच्या घरी एक बाई राहायची. चार घरी पोळ्या करायची. घरात ती आणि तिची दहावीतली मुलगी. एक दिवस ती प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेत आली. "वास येऊन राहिला जी पाण्याले," म्हणाली. मी नियमावर बोट ठेवलं. असली बाटली चालत नाही, निर्जंतुक केलेली लागते. ती गेली आणि दोन दिवसांनी सरबताची काचेची बाटली घेऊन पुन्हा आली. "कुकरमधी चार शिट्ट्या देल्या हिले. आता चालन ना?"

आमच्या प्रयोगशाळेतही बाटल्यांचं याहून फार वेगळं काही होत नसे. त्या बाईनं माझं शास्त्र माझ्यापेक्षा मनावर घेतलं होतं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मला राग आला. तोटी मी स्वतः जाळलेली नाही, असं म्हणून मी तीही बाटली परत केली आणि येऊन जाईन असं सांगितलं.

गेलो, पण माझ्या वेळेला. तिच्या नळाला टिपूस नव्हता. "पाच वाजता या ना भाऊ," ती म्हणाली. "मी जागीच असतो." पाहू, म्हणालो. मग तिनं माठातलं, गाळून, उकळून थंड केलेलं पाणी तांब्या-पेल्यात माझ्यापुढं ठेवलं. उकळलेलं आहे, हेही तिनं सांगितलं. तरी माझा हात पुढं झाला नाही. माझ्या घरी पाणी शुद्ध करायचं मशीन होतं आणि पिशवीत त्याच पाण्याची बाटली. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून म्हणालो, "आज उपास आहे. निर्जळी." वार होता मंगळवार. तिनं दोन्ही हात जोडले आणि पेला उचलून घेतला.

परतताना मी पहिल्या घरी थांबलो, चहा प्यालो, बाटली भरली. आठवड्यानं कागद मीच तिला नेऊन दिला. 'पिण्यास योग्य.'

तो कागद तिनं भाताच्या शितानं माठाच्या वर भिंतीवर चिकटवला. आणि पाणी उकळणं बंद केलं. का करू नये? सिलिंडर पुरवून वापरावा लागायचा, आणि तिच्यापुढं शिक्का मारलेला कागद होता.

महिन्याभरानं त्या गल्लीत पुन्हा पाळी आली, तीही मंगळवारीच. मुलगी खाटेवर पडून होती. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले. कावीळ. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली आणि डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलेलं. मी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, तशी बाईही पाहू लागली.

"पाणी तं चांगलंच आहे जी, तुम्ही लिहून देलं," ती म्हणाली. "पोरीनंच बाहेरचं काई खाल्लं असन."

मग तिनं फळीवरून डबा काढला. "पाणी देत नाही तुम्हाले, मंगळवार आहे. पण राजगिऱ्याचा लाडू चालते ना उपासाले? तुमच्यासाठीच आणून ठेवला."

तो लाडू मी खाल्ला. नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं. घशात अडकला, आणि पाणी मागायची सोय मी स्वतःच घालवली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तिच्या दारात होतो. सगळं नियमानं केलं. नमुना खराब निघाला. नालीखालून जाणारा पाइप फुटलेला होता, तो बदलला गेला. मुलगी पुढं बरी झाली, पण परीक्षा हुकली आणि वर्ष गेलं. मी बाईला सांगायला गेलो, आता काही दिवस पाणी उकळूनच प्या. तिनं विचारलं, "मंग पयलेचा कागद बरोबर होता ना भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "तेव्हा बरोबर होता."

बाई हलकी झाल्यासारखी हसली. आपल्या हातून काही चुकलं नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर भीती माझी होती. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि नारळ घेताना मला तो लाडू आठवला, तरी मी तिच्याकडे गेलो नाही.

त्या दिवशी फोननंतर मी लेकीनं पाठवलेला रिपोर्ट उघडला. आकडे पाहिलेच नाहीत. नमुना कुठून घेतला, ते शोधत बसलो. प्रत्येक ओळीत जागा लिहिलेली होती, वेळही लिहिलेली होती. माझ्याही कागदांवर दोन्ही असायचं. कदाचित तिथली माणसं खरोखर शेवटच्या घरापर्यंत जात असतील. मला कसं कळणार?

संध्याकाळी फोन लावला. "उकळून दे," म्हणालो. तिनं पुन्हा कारण विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, अगदी आल्याच्या चहापासून. मला वाटलं, रागावेल, नाहीतर 'जाऊ द्या बाबा' म्हणेल. दोन्हीची तयारी ठेवली होती.

"त्या मावशीले सांगितलं हे?" तिनं विचारलं.

"नाही."

"अजूनही नाही?"

"नाही गं."

"मग मले काहून सांगून राहिले?"

"बाळ उठलं," असं म्हणत तिनं फोन ठेवला. मला बाळाचा आवाज आला नव्हता.