काकांच्या जिन्याचं कार्पेट

काका पाठमोरे बसलेले असले तरी मागून कोण येतंय ते सांगत. लंडनमधल्या पिनरच्या त्यांच्या घरात लाकडी जमिनीवर पाऊल वाजलं की वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणत, "ये. डाव्या टाचेला काय झालं?" सारा जन्म इथल्या हॉस्पिटलांत हाडं जोडण्यात गेलेला, रिटायर झाल्यावरही माणसं त्यांना चालीवरूनच कळत.

मी ईलिंगमधला कार्पेटवाला. दुकान घेण्याआधी बरीच वर्षं लोकांच्या घरांतून रांगत कार्पेटं बसवली. कार्पेट भिंतीपर्यंत ताणायचं एक अवजार असतं, त्याच्या गादीवर गुडघ्याने धक्के मारायचे, दिवसभर. काका ते पाहून म्हणाले होते, "देवाने बिजागरी दिली, तू तिचा हातोडा केलास." उजवा गुडघा तेव्हापासूनच ठणकायचा.

आमच्या मराठी मंडळात निम्मे डॉक्टर. त्यामुळे जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायची कोणाला गरजच वाटत नसे. गणपतीत, भाड्याच्या हॉलमध्ये आरती झाली की प्रसादाच्या रांगेतच कोणी मान दाखवी, कोणी कंबर. काका मात्र हात मागे बांधून उभे. "इथे मी फक्त मोदक तपासतो," म्हणत. एका वर्षी मी सगळ्यांदेखत पँट गुडघ्यापर्यंत वर केली. स्टेजचं कार्पेट मी फुकट दिलं होतं. तेवढा हक्क वाटला.

"पँट खाली कर," काका म्हणाले. "सोमवारी जीपीला फोन कर."

रांगेत हशा झाला. मी ताट तसंच टाकून बाहेर पडलो. बाजूला नेऊन सांगता आलं असतं, हे मला आजही वाटतं.

तो राग मी जपला. काकांनी सांगितलं म्हणूनच जीपीकडे गेलो नाही. नी-कॅप, पुण्याहून बहिणीने पाठवलेलं तेल, केमिस्टकडच्या गोळ्या यांवर भागवलं. शून्यातून दुकान उभं केलेलं. गिऱ्हाइकासमोर लंगडायची लाज, आणि वेटिंग रूममध्ये म्हाताऱ्यांच्या शेजारी बसायची त्याहून जास्त.

मग एकदा काका स्वतः दुकानात आले. जिन्याला कार्पेट हवं होतं. हा माणूस माझ्याहून चिवट घासाघीस करणारा. त्या दिवशी मी सांगितलेल्या भावाला नुसतं हो म्हणाला. मला संशय आला.

"अट एकच," काका म्हणाले. "कार्पेट बसवायच्या आधी गुडघा दाखवून यायचं."

"त्या दिवशी तुम्हीच पाहिला असतात तर?"

"तर तू समजला असतास, झाली तपासणी. हॉलमध्ये मी हात लावलेली माणसं पुढे कुठेच जात नाहीत रे."

मी म्हणालो, सेल संपू दे. मग म्हणालो, ख्रिसमस होऊ दे. "माझ्याशी कर घासाघीस," काका म्हणाले. "गुडघा भाव कमी करत नाही."

शेवटी दाखवायला गेलो तेव्हा गुडघ्याच्या आतली गादी पार झिजली होती. फिजिओ मुलगी हळू आवाजात म्हणाली, दुखायला लागलं तेव्हाच आला असतात तर कदाचित व्यायामावर भागलं असतं. हातात काठी आली आणि ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर नाव. काकांना हे सांगायला तोंड नव्हतं, म्हणून पिनरला जाणंच टाळलं. त्यांच्या जिन्याचा रोल दुकानात उभाच राहिला. त्याच हिवाळ्यात काका अचानक गेले.

शवपेटी उचलणाऱ्यांत काकींनी माझं नाव सांगितलं होतं. क्रिमेटोरियमच्या दारात मी पुढे झालो. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या गोऱ्या माणसाने माझी काठी पाहिली, "सॉरी सर" म्हणत मला बाजूला केलं आणि माझ्या जागी काकांच्या जावयाला उभं केलं. सगळं मंडळ बघत होतं. या वेळी कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

"तू मागून सावकाश ये," काकी म्हणाल्या.

पेटी पुढे गेली. मी मागून निघालो. फरशीवर आधी काठी वाजे, मग डावा पाय, मग ओढत येणारा उजवा. काकांना वळून पाहायची गरज पडली नसती.