भाऊचा माणूस

तो स्टीलचा डबा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत टेकतच होतो, तोच एक बाई आत आल्या. हातात तो डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात नवऱ्याच्या इन्सुलिनची बाटली. नवरा निवृत्त मास्तर. पहाटे फिरायला गेलेले परतले नव्हते आणि मोबाईल बंद होता.

"त्यायले रोज सकाळी इंजेक्शन लागते हो साहेब," बाई म्हणाल्या. "सापडले की लगेच द्यायले पाहिजे, म्हणून सोबतच आणलं."

मी बेपत्ता झाल्याची नोंद घ्यायला लावली आणि मास्तरांचं कोणाशी वाकडं आहे का, असं विचारलं. बाईंनी आदल्या दिवशीच्या ग्रामसभेची हकिकत सांगितली. भागातले एक पुढारी आले होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंचं भाषण रंगात आलेलं असताना मास्तर उठले आणि म्हणाले, "भाऊ, पाण्याची टाकी बांधली म्हणता, ती हाय कुठं? मले दाखवा, मी हार घालतो." सभा खो खो हसली. भाऊ हसले नाहीत.

इथे थोडं विषयांतर करतो. माझ्या नोकरीत मी पुढाऱ्यांपेक्षा त्यांच्या मागे फिरणारे जास्त पाहिले. त्यांची नावं हवामानाप्रमाणे बदलतात. प्रचारात तो कार्यकर्ता असतो. पेपरात बातमी आली की समर्थक होतो, आमच्या कागदात साथीदार. विरोधी गटाचे लोक त्यालाच चमचा म्हणतात आणि वर्गणी मागायला दुकानात शिरला की दुकानदार मनातल्या मनात पंटर म्हणतो. महाराजांच्या मठात भक्त, तालमीत चेला. माणूस तोच, शर्टही बहुतेक तोच. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची. राग जास्त.

दुपार व्हायच्या आत खबर आली. बसस्टँडजवळचा एक चहावाला आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, एक जण सकाळपासून लय उड्या मारून राह्यला. भाऊच्या मागच्या गाडीत कोंबून बसते तो. आज म्हणे, उद्यापासून मी भाऊच्याच गाडीत दिसन. काऊन, म्हटलं, तर नुसता हसते."

ही खबर किती मोलाची होती, हे या लोकांत वावरलेल्यालाच कळेल. भाऊंच्या गाडीतली जागा अशी सहज मिळत नाही. एकाने दार उघडायचं, एकाने फोन धरायचा, एकाने पाण्याची बाटली सांभाळायची. बाकीचे मागच्या गाड्यांत एकमेकांच्या मांडीवर. तिथून पुढच्या गाडीत यायचं तर भाऊंच्या डोळ्यांत भरेल असं काहीतरी करून दाखवावं लागतं.

त्याला उचलून आणला. वय पस्तिशीचं, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला भाऊंच्या फोटोचा बिल्ला. आत आला तो पाहुण्यासारखा बसला.

"मास्तर कुठं आहेत?"

"मले काय माहीत? मी भाऊचा माणूस आहो. भाऊले फोन लावा, मंग पाहा."

तासभर हेच उत्तर. दम दिला, समजावलं, चहा पाजला. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या आणि डब्यातला बर्फ वितळत होता. आमच्या हवालदाराने दोनदा समोरच्या रसवंतीवरून नवीन बर्फ आणून टाकला. मास्तर कुठेतरी उपाशी, औषधावाचून पडलेले असणार आणि हा गडी भाऊ-भाऊ करत बसलेला.

शेवटी मी त्याचंच ऐकलं आणि भाऊंना फोन लावला. भाऊ आले, मागे त्यांचं लटांबर आलं. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं. मधलं दार उघडंच ठेवलं. दारापलीकडे हा बसला होता. भाऊंचा आवाज ऐकताच ताठ झाला.

"भाऊ, हा तुमचा माणूस आहे का?" मी नाव सांगून विचारलं.

"कोन? मी नाही ओळखत बा. असे चमचे लय फिरतात माह्या मांगं. कोनाकोनाले ध्यानात ठिवू?"

चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून लटकत होता. सगळ्यात खालच्या ओळीत ह्याचा फोटो मी येता-जाता पाहिलेला होता. पण मी वाद घातला नाही. हात जोडून भाऊंना निरोप दिला. गाड्या निघून गेल्या.

मी पलीकडे गेलो. तो माणूस खुर्चीत अर्धा झाला होता. बिल्ल्याशी चाळा करत तो बोलायला लागला.

"काल गाडीत बसताना भाऊच म्हनले होते, ह्या मास्तरले कोनीतरी समजवा रे. सगळ्यायनं ऐकलं. मी समजवाले गेलो." मग एकदम म्हणाला, "खामगाव रोडले कापसाची बंद जिनिंग हाय. मांगच्या खोलीत हायेत. लवकर जा साहेब."

आम्ही गेलो. कुलूप तोडलं. मास्तर रुईच्या जुन्या पोत्यांवर पडले होते, ओठ सुकलेले, पण शुद्धीत. त्यांना उचलून तडक दवाखान्यात नेलं. बाईंनाही आमच्याच जीपमधून तिथे आणलं, डॉक्टरांनी साखर तपासून इंजेक्शन दिलं, आणि त्या रिकामा डबा मांडीवर घेऊन पहिल्यांदा रडल्या. मास्तर म्हणाले, "रडते काऊन? टाकी तर पाहू दे अजून." वॉर्डात सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

जबाब घेताना मी विचारलं, "ओळखू आला का कोणी?"

"तोंडाले रुमाल होता. पण गाडीत कोंबताना म्हणे, सर, डोकं सांभाळा." मास्तरांनी त्याचं नाव घेतलं, बापाचंही घेतलं. "माह्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसे. पुढं बसाची लय हौस, पन कधी सांगितलं नाही त्यानं."

भाऊंवर काही सिद्ध होण्यासारखं नव्हतं आणि त्याची चीड मला आजही आहे. हुकूम न देता काम करून घेणारे कायद्याच्या चिमट्यात सापडत नाहीत. त्या केसनंतर मी एक सवय लावून घेतली. ठाण्यात कोणी 'अमक्याचा माणूस' म्हणून आला की आधी त्याचं स्वतःचं नाव विचारायचो.

त्याच दिवशी संध्याकाळी मी लॉकअपपाशी गेलो. तो गजांना धरून उभा होता. बिल्ला खाली पडला होता.

"सर कसे हायेत?"

"बरे आहेत. तुला आवाजावरूनच ओळखलं त्यांनी. नाव सांगितलं, बापाचंही सांगितलं."

तो खाली बसला आणि शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला.