आत सोडलेले कापड

"उभ्यानं समदं नीटच दिसतंय. बस बघू."

मापाला आलेल्या प्रत्येकीला काकू हे ऐकवत. टाचण्या ओठांत धरलेल्या असल्यामुळे त्यांच्या सूचना दातांतूनच येत. ब्लाउज शिवणारी एक बाई तुमच्याही गल्लीत असेल. पण गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून, स्वतः मागे जमिनीवर बसून शिवण तपासणारी बहुधा नसेल.

विट्यात त्यांचे घर आमच्या समोरच. नवरा गलाईच्या, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याच्या कामाला दक्षिणेत. इथे त्या आणि कॉलेजात जाणारी लेक. लेकीला रक्ताचा कर्करोग झाला, उपचारांसाठी सांगलीच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि विकतची जीन्स तिच्या कमरेवर टिकेना.

"सलवार घाल की," काकू म्हणाल्या.

"नाडीची सलवार पेशंट घालत्यात. मला कॉलेजात जायचंय."

काकूंनी जन्मात जीन्स शिवली नव्हती. त्यांनी ताणले जाणारे डेनिम आणले आणि ब्लाउजसारखी सरळ टीप मारली. लेक स्टुलावर बसली आणि मागची शिवण टर्रकन उसवली.

"आई, नापास," ती म्हणाली.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि मला सगळेच समजावून सांगायची घाई असे. कापड ताणले जाते, दोरा ताणला जात नाही. म्हणून टीप नागमोडी हवी, आणि माप अंगापेक्षा किंचित कमी. नागमोडी टीप काकूंनी लगेच मान्य केली. दुसरे ऐकून मात्र टाचण्या ओठांतून काढल्या.

"आजारी पोरीला कमी मापानं शिवू?"

कापड त्यांनी आजारापूर्वीच्या मापाने कापले होते. उरलेले सगळे शिवणीच्या आत दुमडून ठेवले होते, ब्लाउजमध्ये ठेवतात तसे. अंग भरले की उसवून सोडता येते. जीन्समध्ये ते फुगते, टोचते. कापून टाका, मी म्हणाले.

"असू दे आत. लागंल."

सांगलीच्या प्रत्येक फेरीनंतर नवे माप. वहीत मीच लिहीत असे: सव्वीस, पंचवीस, साडेतेवीस. शिवण आत सरकत गेली, आतली पट्टी रुंद होत गेली.

"आई, जीन्स आतच जास्त हाय गं," लेक एकदा म्हणाली. नेहमी तिच्या बोलण्यावर आम्ही हसत असू.

त्या दिवशी ती आत जाऊन पडल्यावर काकूंनी मला थांबवले. "तू येवढी शिकलीस. आकडं तूच लिवलंस. भरंल न्हवं ती?"

तीन मापे हाती असली की चौथे कुठे पडेल, हे मला न मांडताही दिसते. मी वही मिटली.

"भरेल, काकू."

चौथे माप मी लिहिले नाही. लेकीला स्टुलावर बसवत नव्हते. काकूंनी तिला खांद्याला धरून बसवले, मग मागे वाकून शिवण पाहिली.

"उसवली?" लेकीने विचारले.

"न्हाई."

"मग पास म्हण की."

"पास."

ती जीन्स घालून कॉलेजात जाणे तिच्याकडून झाले नाही. पुढच्या महिन्यात सांगलीच्या दवाखान्यातच ती गेली.

घराला कुलूप लावून काकू कायमच्या नवऱ्याकडे निघाल्या, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे आल्या. हातात ती जीन्स होती. सगळ्या शिवणी उसवून, आतल्या पट्ट्यांवर इस्त्री फिरवून त्यांनी ती लेकीच्या आजारापूर्वीच्या मापाला शिवली होती. जुन्या टिपांची भोके ओळीने दिसत होती. माझे माप तेवढेच होते; ते त्यांनी मला कधी विचारले नव्हते.

"घाल," त्या म्हणाल्या.

मी घातली. काकूंनी आमच्या स्वयंपाकघरातले स्टूल ओढून घेतले. "बस बघू."

मी बसले. त्या मागे जमिनीवर बसल्या. ओठांत टाचण्या नव्हत्या. शिवणीवरून त्यांचे बोट वरून खाली गेले, पुन्हा वर आले. कुठेतरी काहीतरी चुकलेले सापडावे, असे मला वाटत राहिले.

"झ्याक बसली," त्या म्हणाल्या.

पण बराच वेळ मला ऊठ म्हणाल्या नाहीत.