आंघोळवालीच्या घरची आंघोळ

आमच्या समोरच्या दारात राहणारी बाई रुग्णालयात पेशंटना आंघोळ घालते. ज्यांना उठता येत नाही, ज्यांचं अर्धं अंग गेलंय, अशा सगळ्यांना. तिकडे तिला ‘आंघोळवाली मावशी’ म्हणतात, आणि मीही चेष्टेनं तेच म्हणते. तिला ते आवडत नाही, पण माझ्यावर रागवायला अंगात जोर तर हवा. संध्याकाळी जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला टेकते. वर पोचली की किल्ली काढायच्या आधी जरा वेळ दाराकडे नुसती बघत उभी राहते. आत तिची आई असते.

या आईनं आंघोळ सोडली होती. म्हातारीचं विसरणं वाढत वाढत लेकीपर्यंत आलं होतं. कधी ओळखायची, कधी मला बाजूला घेऊन विचारायची, “या बाई रोज का येतात आपल्याकडे?” तेवढं चालून गेलं असतं. पण थंडी सुरू झाली तशी ती बाथरूमच्या दाराशी अडायला लागली. हात धरला की चौकट पकडायची, जोर लावला की किंचाळायची. आधी वास यायला लागला, मग पाठीवर पुरळ उठलं, आणि ते खाजवून तिनं रक्त काढलं. लेक दिवसभर परक्यांच्या पाठी चोळणार आणि आई घरात पारोशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात राहतो. तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकतो. मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हाच त्याचा फोन आला. ती भांडी घासत होती, म्हणून तिनं तो स्पीकरवर ठेवला.

“ताई, तुला जमत नाहीये. वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय, मी बोलून ठेवलंय. रविवारी येतो. तोवर तिची आंघोळ झाली नसेल तर मी तिला घेऊन जाणार.”

“घेऊन जाणार म्हणजे? सामान आहे का ती?”

“डॉक्टर काय म्हणाले ते तूच सांगितलंस ना? पुरळ चिघळलं तर काय करणारेस?”

तिनं कोपरानंच फोन बंद केला. मग ओल्या हातांनीच माझ्याकडे वळली.

“काकू, तिथं ऐकत नाहीत त्यांना कशी आंघोळ घालतात, मला ठाऊक आहे. दोघी धरतात, तिसरी पाणी ओतते. आमच्याकडे ती तिसरी मीच असते.”

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि कंबर कसली. भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. पांढरीफटक ट्यूब लावली. बसायला भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणली, खाली करडी रबरी मॅट. फरशी इतक्या औषधानं पुसली की वास माझ्या स्वयंपाकघरात आला. काम चोख होतं, त्यात शंकाच नाही. आईला हाताला धरून दाराशी आणलं. म्हातारीनं आत पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

“मला काय झालंय? मला का ॲडमिट करताय?”

मग हात सोडवून ती पलंगावर गेली आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

मला राहवलं नाही. “अगं, ही बाथरूम कुठली? हा तर वॉर्ड झाला. माझ्यासारख्या धडधाकट बाईला इथं यायची भीती वाटेल.”

“मग कशी असते बाथरूम?” ती एकदम ओरडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. “मला एवढंच येतं, काकू. सकाळपासून मी हेच बघते, हेच करते. दुसरं कुठून आणू?”

आणि ती बाथरूमच्या उंबऱ्यावर खाली बसली. माझी जीभ जरा जास्तच चालते हे मला माहीत आहे, पण बोललेलं आता मागे घेता येत नव्हतं. मी माझं शिवणाचं मशीन उघडलं.

फुलाफुलांच्या जुन्या चादरीचा पडदा शिवला. खिडकीच्या फटीतून वारा यायचा तिथं कागदाचे बोळे कोंबले आणि वरून पडदा सोडला. ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. स्टीलच्या थंडगार दांड्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळली. खुर्ची गेली माळ्यावर. तिच्या जागी लाकडी स्टूल, त्यावर टॉवेलाची घडी. आरशावर पंचा टाकला, कारण आतली म्हातारी कोण, असं आई सारखी विचारायची. औषधाचा वास जाईपर्यंत फरशी दोनदा साध्या साबणानं धुतली. शेवटी गिझर लावून बादलीभर कढत पाणी काढलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं उघडलं तर आत अशी ऊब की मला तिथंच चहा घेऊन बसावंसं वाटलं.

आई आली. दारातून सगळं न्याहाळलं.

“छान केलंय. कुणाकडे आलोय गं आपण?”

“आपलंच आहे, आई. ये, आंघोळ करू.”

“छे! लोकांच्या घरी कुणी आंघोळ करतं का?” असं म्हणून ती वळली आणि गेली.

मी हसले. ती हसली नाही. मग रोज तोच खेळ. पाणी काढायचं, ऊब धरायची, आईला बोलवायचं. आई कौतुक करायची आणि निघून जायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेकीच्या डोळ्यांखाली काळं साचत चाललं.

रविवारी नेमकी रुग्णालयातली तिची जोडीदारीण आली नाही, म्हणून तिला सकाळच्या कामावर जावं लागलं. दुपारी परतली तेव्हा भाऊ यायची वेळ होत आली होती. तिनं पाणी काढलं, आईला हाक मारली. आई म्हणाली, नको. पुन्हा मारली. नको. मग ती कामावरच्या कपड्यांनिशी त्या स्टुलावर जाऊन बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. नंतर मला म्हणाली, “काकू, इतकं ऊबदार वाटलं. म्हटलं आता काही करायचं नाही. न्यायचं असेल तर नेऊ दे त्याला. मला उठवत नव्हतं.” आणि तिथं बसून ती रडली.

मला यातलं काही कळलं नव्हतं. भाऊ जिना चढून आला, त्याच्या पावलांच्या आवाजानं मी बाहेर आले. त्यांचं दार लोटलेलं होतं आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं आत गेलो.

लेक स्टुलावर बसली होती, डोळे मिटून, कपड्यांसकट चिंब. आई तिच्यासमोर उभी होती, बाह्या वर सारलेल्या, हातात तांब्या. लेकीच्या केसांत साबणाचा फेस झाला होता आणि म्हातारी तो खसाखसा चोळत होती.

“किती मळलीस गं! कुणी बघत नाही का तुझ्याकडे? घरी आई नाही का तुला?”

“आहे.”

“मग काय करते ती?”

“दमलीय,” लेक म्हणाली.

“दमायला काय झालं? पोरीकडे बघायला नको?” म्हातारीनं आणखी एक तांब्या ओतला. निम्मं पाणी तिच्याच अंगावर आलं. तिचा झगा छातीपासून खालपर्यंत भिजला होता. लेकीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तिला ‘आई’ म्हणून हाक मारली नाही. परक्या बाईशी बोलावं तशी बोलली.

“तुम्ही पण भिजलात हो. गारठाल. काढा ते, मी पाणी घालते तुमच्यावर.”

म्हातारीनं ओला झगा चिमटीत धरून पाहिला. “घाल. पण हळू हं, पाठ हुळहुळतेय.” लेक उठली, आणि झगा उतरवून म्हातारी तिच्याकडे पाठ करून स्टुलावर बसली. मग दारात कोण उभं आहे याकडे तिचं लक्ष गेलं.

“दार लाव रे! गार वारा येतोय.”

भावानं दार लावलं आणि तसाच बाहेर उभा राहिला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला, मध्येच म्हातारीचं “हळू, हळू”. बऱ्याच वेळानं त्यानं खिशातून फोन काढला, भिंतीकडे तोंड करून वृद्धाश्रमात बोलला. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तेवढ्यात आतून हाक आली. “अरे, आणखी एक टॉवेल दे बघू! या पोरीचं अंग कोण पुसणार?”

तो लगबगीनं आतल्या खोलीत गेला. एक कपाट उघडलं, मग दुसरं. टॉवेल कुठं असतात ते त्याला माहीत नव्हतं. मी दाखवलं.