होडीच्या पाठीवरचा खडू

श्रावणातला रविवार, सकाळी नऊ. नदीकाठची शेड, कसबा बावडा. हजर : होडी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझे दीर, आठ वल्हेकरी, आणि पूजेचं ताट घेऊन चिटणीस, म्हणजे मी. गैरहजर : मिस्त्री. त्यांना आम्ही कळवलंच नव्हतं.

त्याआधीचे बारा दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. डोळे मिटून ते पालथ्या होडीवरून तळहात फिरवायचे, मग लांब लवचिक पट्टी टेकवायचे. पट्टीखालून उजेड दिसला की खोलगा, तिथे निळा खडू. पट्टी डुलली की उंचवटा, तिथे लाल.

"डोळ्याचं काय खरं न्हाय, वैनी. हात लावून बघा."

लाल घासायचं, निळं भरायचं, तळ एकसारखा करायचा, एवढंच काम. पण खुणा मी रोज मोजत होते. सोमवारी एकतीस, गुरुवारी चव्वेचाळीस! काम केल्यावर खुणा वाढतात कशा? त्यात पलीकडच्या काठाच्या मंडळाची होडीही यांच्याचकडे आहे, असं कानावर आलं होतं. शर्यत दहा दिवसांवर. तुम्हालाही संशय आला असता.

"मिस्त्री, हे संपणार कधी?"

"एक टेंगूळ काढलं की शेजारचं दिसतंय की."

"आणि त्यांची होडी?"

"तुमची झाल्याबिगर तिकडं पाय टाकत न्हाय," म्हणून हसले. ते हसणं मला आवडलं नाही.

आमच्याकडे पूजा झालेल्या होडीला शर्यत होईपर्यंत लोखंड लावत नाहीत. म्हणून मी दिरांना म्हटलं, पूजा अलीकडे ओढू; रंधा खाली ठेवावा लागला की यांचं रेंगाळणंही थांबेल. पूजेआधी होडी धुवायची रीत. वल्हेकऱ्यांनी घासून घासून धुतली. लाल-निळं पाणी उताराने नदीकडे गेलं, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

दहाला मिस्त्री डबा घेऊन आले. हळदीकुंकू लावलेली होडी बघून दारातच थांबले.

"कुणी धुतली?"

"मी सांगितलं."

"एवढा वहीम हुता तर तोंडावर इचारायचं, वैनी."

एवढंच बोलले. मग दोन दिवस बसून, हाताने चाचपत, पुन्हा सापडतील तेवढे खोलगे त्यांनी अंगठ्याने लांबीचा लगदा दाबून भरले. उंचवट्यांना रंधा लागत होता, ते तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी उचलून ते राधानगरीकडच्या आपल्या गावी निघून गेले.

शर्यत आम्ही अर्ध्या होडीच्या अंतराने हरलो. काठावर पलीकडच्या मंडळाचे चिटणीस भेटले. म्हणाले, "तुमच्या मिस्त्रींनी आमचं काम घेतलंच न्हाय की हो. बावड्याची झाल्यावर या, म्हणाले. शेवटी जयसिंगपूरचा माणूस आणला."

मिस्त्री फोन उचलत नाहीत. माझ्या दर आठवड्याच्या यादीत पहिलं काम लिहिलेलं असतं : राधानगरीला जाऊन मिस्त्रींची माफी मागणे. बाकीची कामं होतात. हे मी पुढच्या पानावर उतरवून घेते.